भावाच्या वतीने लिहिलेलं पत्र

भाड्याच्या घरात दर तीन महिन्यांनी एजंटच्या ऑफिसातून तपासणीला माणूस येतो. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात मी नऊ वर्षं एकाच युनिटमध्ये राहिले, म्हणजे तीसपस्तीस वेळा तरी कुणी ना कुणी माझ्या ओव्हनच्या आतला फोटो काढून गेलं. येणाऱ्या मुली बदलत गेल्या, फोटो तेच राहिले. शेवटच्या खेपेला आलेली मुलगी देवांच्या फळीसमोर थांबली. निरांजनामुळे भिंतीला बोटभर काजळी धरली होती. तिने वाकून त्या काजळीचा फोटो काढला आणि हसून म्हणाली, नो वरीज, मी फक्त नोंद करून ठेवतेय. मी नुकतीच शिफ्टवरून आले होते. अंगावर हॉस्पिटलचा युनिफॉर्म होता, आणि आपल्याच देवांसमोर मी काहीतरी चोरल्यासारखी उभी होते.

पुढे पंधरा दिवसांत नोटीस आली. मालकाचा मुलगा राहायला येणार आहे, दोन महिन्यांत जागा सोडा.

मी एकोणपन्नास वर्षांची. घटस्फोट होऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत कायम नोकरी आहे. रक्ताचे नमुने मशीनला लावायचे, आकडे तपासायचे, शंका आली की पुन्हा लावायचे. या गावात भाड्याचं घर बघायला गेलं की दारात वीसबावीस माणसं फॉर्म भरून उभी असतात आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपण किती नीटनेटके आहोत ते दाखवायची धडपड असते. मी दोन शनिवार त्या रांगेत उभी राहिले. तिसऱ्या शनिवारी ठरवलं की आता विकतच घ्यायचं, लहान का असेना.

मिळालं तेही लहानच. विटांचं, दोन खोल्यांचं, रेंजपासून, म्हणजे डोंगराच्या कड्यापासून, जरा आत. मागे कपडे वाळत घालायचा तो लोखंडी फिरता दांडा आणि लाल मातीचा एवढासा तुकडा. वाळवी तपासणारा माणूस येऊन खालून-वरून बघून गेला आणि घराला काही नाही असा दाखला दिला. मी करारावर सही केली. त्यात एकवीस दिवसांची अट होती. तेवढ्या दिवसांत बँकेने कर्जाला होकार दिला तर घर माझं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं.

कर्जाचं बघणारा ब्रोकर ब्रिस्बेनचा, पंजाबी, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. फोनवर हिंदीत बोलायचा आणि मला दीदी म्हणायचा. त्याने पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं की या वयात बँक तीस वर्षांचं कर्ज देणार नाही. वीस वर्षांचं देईल, म्हणजे हप्ता मोठा. हप्ता मोठा म्हणजे मुळात कर्ज छोटं, आणि कर्ज छोटं म्हणजे सुरुवातीला स्वतःचे पैसे जास्त. पहिल्या घराच्या सरकारी सवलतीत मी बसत नव्हते, कारण पूर्वी नवऱ्याबरोबर घेतलेल्या घरावर माझंही नाव होतं. ते घर विकून जे वाट्याला आलं ते वकिलात आणि पुढच्या दोन वर्षांत गेलं होतं. माझी सगळी बचत घातली तरी एखादी बरी सेकंडहँड गाडी येईल एवढी रक्कम कमी पडत होती.

“दीदी, फॅमिली से कुछ हेल्प?” त्याने विचारलं.

मी नाही म्हणाले. दोन दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणाले. चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा विचारलं. डॉक्टर जसे ‘दारू वगैरे?’ म्हणून परत परत विचारतात ना, तसं. आपण खोटं बोलतोय हे त्यांना कळलेलं असतं.

कुणाकडे मागायची मला सवय नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील नगरपालिकेत पाणी सोडायचे. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा, हे काम. आई चौथी शिकलेली. मी अकरावीत असल्यापासून गल्लीतले अर्ज मीच लिहायचे. रेशनकार्डात नाव घालायचं, नळाचं कनेक्शन मागायचं, मुलाचा दाखला हरवला. लोक दारात यायचे आणि वडिलांना म्हणायचे, पोरगीला जरा दोन वळी लिवून द्यायला सांगा. वडील आत येऊन मला सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदललेला असायचा. मी बी.एस्सी. झाले, मग कोल्हापूरला लॅबचा डिप्लोमा केला, मग पुण्यात नोकरी, मग लग्न, मग हा देश, आणि इथेही चाळिशीला आल्यावर युनिव्हर्सिटीत जाऊन पुन्हा परीक्षा दिल्या. हे सगळं मी कुणाच्या जिवावर केलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते अगदी खरं नाही. कोल्हापूरच्या डिप्लोम्याची दुसऱ्या वर्षाची फी धाकट्या भावाने भरली होती. तो दहावी नापास होऊन गॅरेजात लागला होता, आणि पगारातून साठवलेले पैसे त्याने वडिलांच्या हातात दिले होते. ही गोष्ट मी कुठे सांगत नाही. त्यानेही कधी काढली नाही.

आता हक्कसोडीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

अकरा वर्षांपूर्वी वडील गेले. मी तेव्हा ब्रिस्बेनला होते, संसार अजून मोडलेला नव्हता. विमानाने गेले, दिवस केले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ दारात चपला घालून उभा राहिला आणि म्हणाला, आक्का, तू परत कधी येशील काय माहीत, आलीच आहेस तर तेवढं कागदाचं उरकून घेऊ. मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे सगळ्याच बहिणी तसं करतात. वडिलांच्या माघारी जागेत बहिणीचाही हिस्सा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तो ती सोडते हेही माहीत असतं. हिस्सा घेणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही म्हणतात. आत्याने सोडला होता, तिच्या आधी तिच्या आत्याने. जागा तरी काय होती, दोन गुंठे आणि त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या. माझं ब्रिस्बेनला स्वतःचं घर होतं. मला कशाला हवेत तिथले पत्रे.

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात गर्दी होती. वकिलाच्या हाताखालच्या माणसाने टाइप केलेला मसुदा आणला आणि भावाच्या हातात दिला. भावाने तो न बघता माझ्याकडे दिला. बघ गं, म्हणाला, तुला कळतं. मी पेन काढलं आणि ओळ न ओळ वाचली. गट नंबरात एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त करवला. आईच्या नावात वडिलांचं नाव दोनदा आलं होतं, तेही काढायला लावलं. तो माणूस म्हणाला, ताई, तुम्ही आमच्याकडे कामाला या. सगळे हसले आणि मलाही बरं वाटलं. ‘स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता’ ही ओळही मी वाचली, तिच्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती. मी सही केली, अंगठा मशीनवर ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलं. घरी आल्यावर वहिनीने पाटावर बसवून ओटी भरली आणि हिरवी इरकली साडी दिली. ती साडी मी इथे एकदाच नेसले.

तर ब्रोकरने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात हे सगळं होतं, कारण सहा महिन्यांपूर्वी आईने फोनवर सहज सांगितलं होतं की जागा बिल्डरला दिली. बायपास झाल्यापासून आमच्या त्या दोन गुंठ्यांना भाव आला होता. भावाला दोन फ्लॅट मिळायचे होते आणि वर काही रोख. सगळे तात्पुरते भाड्याच्या खोलीत राहत होते. ऐकून मी म्हणाले होते, चांगलं झालं. मनातून म्हणाले होते. ते खरंच चांगलं होतं.

एकवीसपैकी दहा दिवस गेल्यावर मी भावाला फोन केला. शिफ्ट संपवून, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. तिकडे सकाळचे अकरा वाजले असतील, गॅरेजात हवा भरायच्या मशीनचा आवाज येत होता. मी आधी पाऊसपाणी, वहिनीचे गुडघे, भाचीची परीक्षा असं सगळं विचारलं. मग घराचं सांगितलं. पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना.

त्यानेच विचारलं, “किती कमी पडत्यात?”

मी आकडा सांगितला. त्याने कुणालातरी मशीन बंद करायला सांगितलं, आकडा पुन्हा विचारला, आणि म्हणाला, बघतो. संध्याकाळी त्याचा मेसेज आला. देतो, काळजी करू नको. मी तो मेसेज स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला आणि मग खुर्चीत बसले. आनंद वगैरे काही झाला नाही. पाठीवरचं ओझं कुणी उतरवलं की पाठ दुखायला लागते, तसं झालं.

ब्रोकरला सांगितलं. तो म्हणाला, फार छान, आता भावाचं पत्र पाहिजे. इथे घरच्यांनी पैसे दिले की बँक देणाऱ्याकडून सहीचं पत्र मागते. ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही, मी ती परत मागणार नाही, आणि या घरावर माझा काही हक्क असणार नाही. तिकडच्या बँकेलाही पैसे बाहेर पाठवताना कारण लिहून लागतं, तिथेही भेटच लिहायचं. त्याने नमुना पाठवला. तो इंग्रजीत होता. भावाला इंग्रजी येत नाही, म्हणजे पत्र मीच लिहिणार हे उघड होतं. घरात कुणाचंही पत्र मीच लिहायचं ही जुनी रीत.

त्या अर्व्होला, इथल्या भाषेत दुपारी, लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं. मी, खाली सही करणार, माझ्या बहिणीला ही रक्कम भेट देत आहे. पुढे हात चालेना. तास गेला. मग मी ब्रोकरलाच फोन लावला आणि विचारलं की भेट न लिहिता ‘वडिलार्जित जागेतला तिचा हिस्सा’ असं लिहिलं तर चालेल का. तो म्हणाला, चालेल, पण मग बँक जागेचे कागद मागेल. वारस कोण, वाटणी कशी झाली, तुमचं नाव कुठे आहे. आहेत कागद?

कागद होते. गट नंबर अचूक असलेले, माझ्या हाताने तपासलेले, माझा हिस्सा नाही असं सांगणारे.

“दीदी, गिफ्ट लिख दो,” तो म्हणाला. “बैंक को इतना ही चाहिए कि वो वापस नहीं माँगेगा. बाकी आप भाई-बहन का मामला.”

मी भेट लिहिलं. भावाच्या वतीने नीट, विनम्र इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून मराठीत वाचून दाखवल्या. न समजता सही करू नये एवढं तरी मी शिकले आहे. तो खोलीवरच होता, फोन स्पीकरवर होता, मागे भांड्यांचा आवाज.

त्याने सगळं ऐकून घेतलं. परत मागणार नाही, हं. घरावर हक्क नाही, हं. मग हसला.

“आक्का, हे तर हक्कसोडच झालं की. मग मलाबी एक साडी पाठव.”

वहिनीही हसली मागून. मजा म्हणून म्हणाला तो, आणि एरवी मीही हसले असते. पण मी सकाळी चारला उठले होते, एक मशीन बंद पडल्याने दुप्पट नमुने हाताने केले होते, आणि घर सोडायला तीन आठवडे उरले होते. मी म्हणाले, हे बघ, पत्रात भेट लिहिलंय, ते तसंच राहू दे. पण ही भेट नाही. माझाच हिस्सा आहे हा. कागदावर नको, तू फक्त एकदा तोंडाने तसं म्हण.

भांडी थांबली. तो बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता.

“आक्का, भेट म्हटलं की मी दिलं असं होतंय. हिस्सा म्हटलं की अकरा वर्षं मी दाबून ठिवला असं होतंय. तू कागद वाचून सही केलीस. मी काय तुझा हात धरला हुता?”

मी म्हणाले, नाही धरलास.

“मग?”

फीची गोष्ट त्याच्या ओठांवर आली असेल, पण त्याने ती काढली नाही. मी तेवढ्यासाठी त्याची आभारी होते, आणि आभारी आहे याचाही राग येत होता. तेवढ्यात आईचा आवाज आला. ती तिथेच कुठेतरी बसून काहीतरी निवडत असणार. ती फोनजवळ येऊन बोलत नाही, लांबूनच बोलते, तिला वाटतं फोनला सगळं ऐकू जातं.

“म्या बी केली हुती की सही त्याच दिशी,” ती म्हणाली. “मला तर साडी बी न्हाई मिळाली.”

तिने तक्रार केली नव्हती. दोन लेकरांचं भांडण हलकं करायला काहीतरी बोलावं तशी बोलली. भाऊ म्हणाला, तू गप गं आई. आणि विषय त्याच्या बाजूने तिथे संपला.

माझ्या बाजूने संपला नाही. कारण मला ते आठवत होतं, फक्त इतकी वर्षं मी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. वडिलांच्या माघारी जागेचे वारस तीन होते. आई, मी आणि तो. कागदावर सोडणाऱ्या दोघी होत्या. त्या ऑफिसात आई माझ्या शेजारी बाकावर बसली होती, नवीनच रिकाम्या झालेल्या कपाळाने. तिने मला विचारलं होतं, काय लिवलंय गं? मी आकडे तपासत होते. काही नाही, म्हणाले, त्याच्या नावावर करायचंय, इथं सही कर. तिने पदराला हात पुसला आणि तिची ती गोल, सुट्या अक्षरांची सही केली. वकिलाच्या माणसाने नाही सांगितलं, भावानेही नाही. घरातल्या शिकलेल्या मुलीने सांगितलं म्हणून केली. मी तिचं नाव दुरुस्त करून घेतलं आणि मग त्या नावासमोर तिला सही करायला लावली. संध्याकाळी माझी ओटी भरली तेव्हा ती आत होती. विधवेची ओटी भरत नाहीत.

मी भावाला म्हणाले, पैसे कमी दे मला, चालेल. त्यातले आईच्या नावावर ठेव. नाहीतर एका फ्लॅटवर तिचं नाव घाल.

आता मात्र त्याला लागलं. “आई माझ्याकडं राहती. तिला काय कमी हाय? तू लांबनं सांगतीस व्हय मला?”

यातही खोटं काही नव्हतं. तिचा रक्तदाब, तिचे चष्मे, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्याने आणि वहिनीने केलंय. मी दर रविवारी फोन केलाय.

“नगं मला काय,” आई लांबून म्हणाली. “तिचं घर हुंद्या आधी.”

मी तिथे अडून बसायला हवं होतं. आई नको म्हणणारच, तिने आयुष्यभर दुसरं काही म्हटलेलं नाही, आणि तिच्या नको म्हणण्याला होय समजायचं नसतं एवढं मला कळतं. पण बँकेची तारीख गुरुवारची होती, तो शुक्रवार होता, मधे शनिवार-रविवार. आणि मी दमले होते. माणूस दमला की त्याला दुसऱ्याचं ‘नको’ पटकन ऐकू येतं. मी म्हणाले, बरं. पत्र पाठवते, प्रिंट काढून सही कर.

त्याने झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. सही मराठीत केली. त्याची सही पॅनकार्डावरच्या सहीशी जुळत नाही म्हणून तिकडच्या बँकेने सोमवारी त्याला परत पाठवलं. मंगळवारी गॅरेज बंद ठेवून तो पुन्हा गेला, वहिनीला बरोबर घेऊन, आणि तीन तास बसून काम करून आला. मला त्याने फक्त ‘झालं’ एवढाच मेसेज केला. पैसे गुरुवारी सकाळी जमा झाले. दुपारी ब्रोकरचा फोन आला, बधाई हो दीदी. मी तेव्हा रक्ताच्या नळ्या फिरवायच्या सेंट्रिफ्यूजजवळ उभी होते. थँक यू म्हणाले आणि ग्लोव्हज बदलून पुन्हा कामाला लागले.

घर लागलं. सामान फार नव्हतंच, कामावरच्या एकाने त्याच्या गाडीतून चार फेऱ्यांत आणून टाकलं. हिवाळ्याचे दिवस होते, सकाळी रेंजवरचं धुकं कुंपणापर्यंत यायचं. आता ओव्हनचा फोटो काढायला कुणी येत नाही. पहिले काही आठवडे मी तरीही तो घासत होते.

भावाशी बोलणं होतं. पूर्वीसारखंच होतं म्हणायला हरकत नाही. व्हिडिओवर त्याला घर दाखवलं. भिंती चांगल्या आहेत म्हणाला, पत्रा कसला आहे विचारलं, गटाराचं पाणी कुठे जातं विचारलं. गल्लीत त्याने सांगितलंय की बहिणीला ऑस्ट्रेलियात घर घ्यायला मी पैसे दिले. वहिनीने मला हे कौतुकाने सांगितलं. खरंच आहे, दिलेच आहेत. माझ्या बँकेकडे त्याच्या सहीचं पत्र आहे, आणि ते मी लिहिलंय.

मागच्या महिन्यात आईला तीन महिन्यांसाठी इकडे आणायचं ठरवलं. ती आधी नको म्हणाली, म्हणून मी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. चौथ्या वेळी म्हणाली, थंडी नसंल तवा येते. मी व्हिसाचा अर्ज उघडला. नाव, जन्म, पासपोर्ट, सगळं भरत गेले, हे मला झोपेतही येईल. मग पुढे, ती परत जाईल हे पटावं म्हणून, तिचं तिकडे काय आहे ते दाखवायचं असतं. नोकरी. जमीन. घर. बँकेतली शिल्लक.

मी भावाला फोन लावला आणि विचारलं, आईच्या नावावर काय आहे?

“का गं?”

“अर्जात दाखवायचंय.”

गॅरेजात कुणीतरी गाडी रेस करून बघत होतं. “पेन्शनचं पासबुक हाय तिचं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “दुसरं काय लिवायचं ते तू बघ. तुला कळतं त्यातलं.”

“मी नाही बघत,” मी म्हणाले. “तू सांग. तू सांगशील ते मी लिहिते.”

गाडीचा आवाज थांबला. तो म्हणाला, फ्लॅटचा ताबा दिवाळीनंतर मिळणार आहे. मी म्हणाले, माहीत आहे. तो म्हणाला, नाव घालायचं तर स्टॅम्पचा खर्च येतो. मी म्हणाले, तो मी देते. बिल्डरशी बोलावं लागंल, म्हणाला. बोल, म्हणाले. त्यावर त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बघू, म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलंय सांगून फोन ठेवला.

अर्ज अजून पाठवलेला नाही. पेन्शनचं पासबुक जोडून तो आजही पाठवता येईल, कदाचित व्हिसाही मिळेल. मी रोज कामावरून आल्यावर तो उघडते आणि पासबुक न जोडता बंद करते. काल आईने विचारलं, झाला का गं माझा कागद? मी म्हणाले, नाही अजून, त्याच्याकडून एक उत्तर यायचंय. कसलं, म्हणाली. मी तिला पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं, त्या दिवशीच्या कागदात काय लिहिलं होतं ते, ओळीने, तिच्या नावासह. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली की मग थांब जरा, त्याला इचार करू दे.

मला तिचं ‘नको’ ऐकायची सवय आहे. हे त्यातलं नव्हतं.